निरोधाविषयी चार शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



 कशावर बोलू असे मी चिटणीसबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी वर्षे नर्स म्हणून काम केलेत, आरोग्यावर काहीही सांगा." मी निरोधावर बोलणार आहे हे ऐकल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. पण "नको" म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार मानते. दाराशी उभ्या बंधूंना माझी विनंती आहे की त्यांनी आत येऊन बसावे. विषय त्यांचाही आहे.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एका बाईचा एक प्रश्न माझ्या मनात आहे. तिला मी वेळेवर उत्तर दिले नाही. ते आज आपणा सर्वांसमोर द्यावे म्हणून उभी राहिले आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आपल्या आष्ट्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मी फिरत असे. खांद्यावरच्या पिशवीत लशी, लोहाच्या गोळ्या, निरोधची पाकिटे आणि जोडप्यांची नोंदवही. कोणाला किती मुले, कोणी तांबी बसवली, कोण गोळ्या घेते, सगळे त्या वहीत. एखादीचे ऑपरेशन झाले की तिच्या नावापुढे खूण करायची. ती खूण झाली की माझे त्या घरचे काम संपले. पिशवीतली पाकिटे ज्यांची खूण झालेली नाही त्यांच्यासाठी. त्यांनाही मी ती कशी देत असे? पदराआड, बोलल्याशिवाय, मिठाची पुडी द्यावी तशी.

ती बाई खूण झालेल्यांतली. दोन मुलांवर तिने ऑपरेशन करून घेतले होते. नवरा ट्रकवर होता. येथून माल भरून निघाला की महिना महिना परत येत नसे. तो आजारी पडला, वाळत गेला आणि वर्षभरात वारला. पुढे तीही तशीच वाळू लागली. रक्त तपासले तेव्हा कारण कळले. घरात तिचे ताट-वाटी वेगळे झाले, मुलांना तिच्याजवळ झोपू देईनात. मी भेटायला गेले तेव्हा ती पडवीत बसली होती. मला म्हणाली, "बाई, मी तर आपरेशन करून घेतलं हुतं की. मग मला कसं झालं?"

मी तिची समजूत घातली आणि उठले. उत्तर दिले नाही. ते असे होते की, बाई, ऑपरेशनने मूल थांबते, रोग थांबत नाही. तांबीने, गोळीनेही थांबत नाही. रोग अडवायचा तर निरोधच लागतो. तो माझ्या पिशवीत दर आठवड्याला तुझ्या दारावरून जात होता आणि तुझ्या नावापुढे खूण आहे म्हणून मी तो तुला दिला नाही. तिच्या नवऱ्याला दोष द्यायला मी उभी नाही. त्यालाही कोणी काही सांगितले नव्हते.

आता ही खूण आपल्या मनात कशी पडली ते पाहू. आपल्या देशात सरकारी निरोध १९६८ साली आला. तीन निरोधांचे पाकीट पंधरा पैशांना. चहा-साबण विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी तो किराणा दुकानापर्यंत आणि पानपट्टीपर्यंत पोहोचवला. नाव चांगले होते, निरोध म्हणजे अडवणे. पण अडवायचे काय, तर मूल. लाल त्रिकोण, आईबाप आणि दोन मुले, हे चित्र आपण दवाखान्याच्या भिंतीवर पाहिले आहे. जिचे मूल व्हायचे थांबले तिचा आणि निरोधाचा संबंध संपला, असे आपण सगळ्यांनी धरून चाललो. मी नर्स असून धरून चालले.

याच महाराष्ट्रात एका माणसाने असे धरले नव्हते. महर्षी धोंडो केशव कर्वे आपण जाणतो. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पायी प्राध्यापकी गेली तरी ते सोडले नाही. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून ते १९५३ साली मरेपर्यंत चालवले. त्यांनी संततिनियमनावर लिहिले तसेच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही पुस्तक लिहिले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते छापील उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, पण मासिक चालू राहिले. लोकांनी विचारावे आणि जाणत्याने न लाजता सांगावे, एवढाच त्या दोघांचा आग्रह होता. तो आपण मानला असता तर माझ्या पिशवीतले पाकीट पदराआड राहिले नसते.

एच.आय.व्ही. हा विषाणू आपल्या देशात १९८६ साली मद्रासला प्रथम सापडला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपला सांगली जिल्हा देशातल्या जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत मोजला जाऊ लागला. ट्रकवरची माणसे, मुलखात दूर दूर सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारी आपल्या दुष्काळी तालुक्यांतली माणसे, मुंबईला हमाली करणारी माणसे. जिल्ह्याचे पोट बाहेरगावी भरत होते. माणूस गेला की त्याचे मन आणि देह त्याच्याबरोबर जातो. तो कोणाचाच गुन्हा नाही. गुन्हा न सांगण्याचा.

सांगितले कोणी? ऐका. सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायकांनी. ज्या गल्लीचे नाव आपण मुलांसमोर घेत नाही, तेथल्या शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनी. १९९२ साली 'संग्राम' या संस्थेने, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने, त्यांच्याबरोबर काम सुरू केले. बाहेरच्या शहाण्यांनी येऊन उपदेश करायचा नाही, त्यांच्यातल्याच बायकांनी एकमेकींना शिकवायचे आणि निरोध वाटायचे, अशी रीत ठेवली. त्यातून १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद.

ते काम पाहायला मी एकदा गेले होते. खरे सांगते, पदर डोक्यावरून घेऊन गेले. तेथल्या एका बाईने मला केळ्यावर निरोध चढवून दाखवला आणि विचारले, "तुम्ही वाटता बाई, पण वापरायचा कसा ते सांगता का?" मी नाही म्हटले. तिने पुन्हा काढून माझ्या हातात दिला. इतकी वर्षे पाकिटे वाटली, पण त्या दिवशी मी तो पहिल्यांदा उघडून हातात धरला.

तिने मला आणखी एक सांगितले, ते महत्त्वाचे. एकीने "निरोधाशिवाय नाही" म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. तिची चूल पेटत नाही आणि शेजारणीला रोग होतो. म्हणून सगळ्या दारांनी एकच उत्तर द्यायचे. एकटीच्या शब्दाला किंमत नाही, गल्लीच्या शब्दाला आहे.

परतताना एस्.टी.त मी विचार करीत होते. आपण घरंदाज बायका. आपल्या गळ्यात मंगळसूत्र आहे, पण पाठीशी गल्ली आहे का? रात्री दार लावले की आत दोघेच. बाईने निरोधाचे नाव काढले तर नवरा विचारणार, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" किंवा त्याहून वाईट, "तूच कुठं...?" या प्रश्नापुढे ती एकटी असते. मंगळसूत्र हे नात्याचे चिन्ह आहे, रोगावरचे औषध नव्हे. ते तिला कोणी सांगत नाही आणि सांगितले तरी तिच्या बाजूने बोलायला कोणी नसते. गोकुळनगरातली बाई जे म्हणू शकली, ते आपल्या आळीतली बाई म्हणू शकली नाही. याची मला लाज वाटली, आणि लाज वाटायला मी केवढा उशीर केला याचीही.

आता आपल्याहूनही एकटे जे आहेत त्यांच्याविषयी. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्या घरी आला. गाव सांगत नाही. चांगला शिकलेला, वय चोवीस. घरात त्याच्यासाठी मुली पाहणे चालले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, "मावशी, दवाखान्यातल्या त्या तक्त्यावर नवरा-बायको आणि दोन पोरं असतात. मी त्यात कुठं आहे?" त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेत होते. त्याला मित्र होता. निरोध मागायला मेडिकलच्या दुकानात जायची त्याला भीती, आणि मूल व्हायचे नाही तर निरोध कशाला, अशी त्याचीही समजूत. बघा, त्या पडवीतल्या बाईची आणि याची चूक एकच.

मी त्याला लगेच सगळे सांगू शकले नाही, कारण मलाही कोणी शिकवले नव्हते. मी पुन्हा सांगलीला जाऊन विचारून आले. तेथे पुरुष आणि तृतीयपंथी लैंगिक कामगारांचीही 'मुस्कान' नावाची संघटना आहे. त्या वाटेने मला ज्ञान झाले. त्या मुलाने पुढे धीर करून मोठ्या बहिणीला सांगितले. मुली पाहणे थांबले. तो नोकरी करतो, सुखी आहे, दिवाळीला मला फोन करतो. आणि एका परक्या मुलीचा संसार फसवणुकीने सुरू व्हायचा वाचला, हेही विसरू नका.

अशांच्या बाबतीत कायद्याची भीतीही होती. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यावेत अशी सूचना आली, तेव्हा तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. पुरुषापुरुषांतला संबंध हाच कलम ३७७ खाली गुन्हा होता, मग त्यासाठी निरोध कसा द्यायचा? त्यावरून त्या कलमाविरुद्ध पहिला अर्ज न्यायालयात गेला. पुढे अनेक वर्षे वाद चालून ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीने झालेला असा संबंध गुन्हा नाही, असा निकाल दिला. कायद्याने दार उघडले. घरची दारे आपल्या हातात आहेत.

आता कामाचे बोलते. लाजायचे तर आता लाजून घ्या, पण कान उघडे ठेवा.

निरोध, म्हणजे कंडोम, घेताना पाकिटावरची मुदत पाहावी. तो उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नये. पाकीट हाताने कडेला फाडावे, दाताने नाही. पुरुषाचे इंद्रिय ताठ झाल्यावर आणि संबंधाच्या आधी, मध्येच नव्हे, तो चढवावा. टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि मुळापर्यंत उलगडावा. उलटा लागला तर टाकून नवा घ्यावा. संबंध झाल्यावर ताठरपणा आहे तोवरच मुळाशी धरून बाहेर काढावा, गाठ मारून कागदात गुंडाळून केरात टाकावा. संडासात टाकू नये. दर वेळी नवा. एकावर एक दोन घालू नयेत, घर्षणाने दोन्ही फाटतात.

तेलाचे ध्यानात ठेवा. खोबरेल, तूप, व्हॅसलीन यांनी साधा रबरी कंडोम कमजोर होऊन फाटतो. ओलावा कमी पडत असेल तर पाण्यात मिसळणारे जेल मेडिकलमध्ये मिळते, ते वापरावे. उतारवयात बायकांना त्याची गरज लागते. गुदमार्गाने संबंध असेल, मग तो पुरुषापुरुषांत असो की नवरा-बायकोत, तर जेल लागतेच. तेथे नैसर्गिक ओलावा नसतो, त्वचा नाजूक असते आणि लागण होण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. तोंडाने संबंध असेल तर एच.आय.व्ही.चा धोका फार कमी, पण गरमी-परम्यासारखे रोग त्यानेही लागतात. तेथेही कंडोम वापरावा. स्त्रीस्त्रियांतल्या संबंधात काही होत नाही ही समजूतही खरी नाही. नागीण, मस यांसारखे रोग त्वचेच्या स्पर्शाने जातात. त्यासाठी पातळ रबरी पडदा येतो, नाहीतर नवा कंडोम उभा कापून पसरून वापरता येतो. एखादे साधन दोघींत वापरले जात असेल तर त्यावर प्रत्येकीसाठी नवा कंडोम चढवावा. स्त्रीने स्वतः आत बसवायचाही कंडोम निघाला आहे. रबर सोसत नसेल त्याच्यासाठी दुसऱ्या जातीचा मिळतो. सांगायचा मुद्दा हा की, माणूस कोण आहे हे रोग विचारत नाही. काय केले आणि कसे केले, एवढेच तो पाहतो.

कंडोम म्हणजे ब्रह्मास्त्र नव्हे. वर्षभर दर वेळी नीट वापरला तर १०० जोडप्यांत सुमारे दोघींना दिवस जातात, हयगयीने वापरला तर सुमारे तेरा जणींना. जी जागा झाकली जात नाही तेथून नागीण, मस लागू शकतात. पण एच.आय.व्ही. आणि परमा यांच्यापुढे तो खंबीर उभा राहतो. फाटलाच तर घाबरून बसू नये. दिवस जाऊ नयेत म्हणून तातडीची गोळी जितक्या लवकर, तीन दिवसांच्या आत, घ्यावी. एच.आय.व्ही.ची शंका असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे २८ दिवसांचे औषध सुरू करतात. ज्याला धोका वारंवार आहे, त्याने आधीच घेऊन ठेवायच्या गोळ्याही आता आहेत. त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. अंगावर जखम, पू, खाज, पांढरे जात असणे यांपैकी काही असेल तर दोघांनी मिळून औषध घ्यावे. एकट्याने घेतले की रोग दोघांत फिरत राहतो.

आणि ज्यांना लागण झाली आहे त्यांच्याविषयी. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, मूल कडेवर घेतल्याने हा रोग लागत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार त्याचे औषध फुकट देते. बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. दिवस गेलेल्या बाईने वेळेवर औषध घेतले तर मूलही बहुधा निरोगी जन्मते. २०१७ चा कायदा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, सांगतो की संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि या कारणावरून कोणाला नोकरीतून, दवाखान्यातून, शाळेतून हाकलता येत नाही. फुकट माहितीसाठी १०९७ हा दूरध्वनी आहे. नाव सांगावे लागत नाही. त्या पडवीतल्या बाईला यातले काही मिळाले नाही. ती २००१ साली गेली.

मंडळापुढे मी तीन सूचना ठेवते.

एक. महिन्यातून एक दुपार दार लावून बसायचे, नर्सताईंना किंवा आशाताईंना बोलवायचे आणि कोणीही काहीही विचारायचे. नाव घ्यायला नको. चिठ्ठी टाकली तरी चालेल.

दोन. येथल्या कपाटात निरोधचा एक डबा ठेवायचा. सरकारी दवाखान्यातून ते फुकट मिळतात. कोणी किती नेले याची नोंदवही ठेवायची नाही. नोंदवहीने काय होते ते मी सांगितलेच.

तीन. लग्न ठरले की पत्रिका जुळवतो तसे मुलाशी आणि मुलीशी, दोघांशी, एकदा हे बोलायचे. चाचणी करायची तर दोघांनी आपल्या राजीखुशीने करायची. आणि मुलगा किंवा मुलगी म्हणाली की "मला हे लग्न नको, माझे मन वेगळे आहे," तर आधी ऐकून घ्यायचे. देवऋषी, शपथा, उपास हे उपाय नव्हेत, कारण हा आजार नव्हे.

पण या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एखादी सून उद्या घरात म्हणाली, "निरोधाशिवाय नाही," आणि त्यावर कोणी बोट दाखवले, तर "आमच्या मंडळात हेच सांगतात, आम्हीही हेच करतो," असे म्हणायला आपल्यातल्या दहाजणी तयार हव्यात. तिच्या सासूबाई आपल्या मंडळात असतील तर आधी त्यांनी म्हणावे. म्हणजे तिच्याही पाठीशी गल्ली उभी राहील.

मी जास्त वेळ घेतला. भाषण संपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे. मेजावर केळी ठेवली आहेत आणि पाकिटेही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी यावे. बंधूंनीही यावे.